दाराच्या फटीतला धागा

माझे यजमान कापसाचे ग्रेडर होते. ग्रेडरच्या बायकोला घरात काहीही लपवणं किती अवघड असतं, हे मला दारव्ह्याला असताना कळलं.

ग्रेडरचं काम ऐकायला सोपं वाटतं. सरकारी खरेदी केंद्रावर बैलगाडी आली की त्यानं गाडीत खोल हात घालून चिमूटभर कापूस काढायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, अर्धा टाकायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी बोटांत सरळ झालेले मोजके तंतू उरतात, ते नखाला लावून त्यांची लांबी बघायची आणि कापूस कुठल्या प्रतीचा ते सांगायचं. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचा भाव ठरायचा. त्यातून ती कापसाची वाईट वर्षं. बोंडं किडलेली, भाव पडलेले, केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत. चार-चार दिवस रांगेत काढलेल्या माणसाचा राग शेवटी कुणावर निघणार? समोर उभ्या असलेल्या ग्रेडरवर. आमचे हे घरी यायचे ते डोक्यावर, भुवयांवर, मिशीत कापूस घेऊन, आणि आल्या आल्या म्हणायचे, "आज तं लोकं मले मारतेतच वाटलं."

अशा माणसाला एकच सुख होतं, गाडी. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, जुनी, पांढरी, चारजणांची छोटी गाडी. केंद्रावर ते सायकलनंच जायचे. लोक रांगेत उपाशी उभे आणि ग्रेडर गाडीतून उतरतो, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटायचं. गाडी फक्त रविवारी निघायची. आधी ती अंघोळ करायची, मग हे करायचे, आणि मग आम्ही यवतमाळला जाऊन डोसा खाऊन यायचो.

आमची गल्ली इतकी अरुंद होती की समोरून बैल आला तर माणसानं ओट्यावर चढायचं. म्हणून गाडी घरामागच्या जिनिंगच्या आवारात उभी असायची. तिथं पूर्वी कापसातली सरकी काढायची यंत्रं चालायची. त्या वर्षांत इतर बऱ्याच जिनिंगसारखं तेही बंद पडलं होतं. मालक नागपूरला. आवाराला उंच भिंत, मोठं लोखंडी फाटक, आत नुसतं मैदान. एका कोपऱ्यातल्या शेडमध्ये आमचे पिंजारी चाचा जुन्या गाद्या उसवून कापूस पुन्हा पिंजायचे आणि नव्या गाद्या भरायचे. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे. चाचा चांगले सहा फूट उंच. तरुणपणी वणीहून कोळशाचे ट्रक चालवायचे. पाठ गेली तेव्हा ट्रक सोडून वडिलांच्या धंद्यात परत आले होते.

मी अंगणवाडी सेविका होते. त्या वर्षी मुख्यसेविकेची परीक्षा दिली आणि दसऱ्याच्या सुमारास यादीत नाव आलं. आनंद झाला, पण मुख्यसेविका म्हणजे अंगणवाड्या तपासत गावोगाव फिरणं. माझ्या वाट्याला येणारी गावं आणि तांडे आडबाजूचे, जिथं एसटी जात नाही आणि शेअर जीप बाजाराच्या दिवशीच जाते, तीही मागच्या पायरीवर लोंबकळणाऱ्या माणसांसकट. यजमान म्हणाले, "जीपनं रोज कशी जाशील? कंबर मोडन तुही." मी म्हटलं, "जीप कशाला? गाडी आहे ना." त्यावर ते हसले. नुसते हसले नाहीत, हातातला चहा सांडेपर्यंत हसले. "अवं, तुले सायकल येत नाई, अन् गाडी?"

सायकल मला येत नव्हती, हे खरं होतं. पण त्या हसण्याचा मला फार राग आला. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्तच आला. वाईट माणूस हसला असता तर मी दुसऱ्या क्षणी विसरले असते. रात्रभर तळमळले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडीतून येताना सरळ चाचांच्या शेडमध्ये गेले.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिंजायचं यंत्र बंद केलं. म्हणाले, "शिकवतो बेटी. पण एकट्या बाईसोबत गाडीत बसणं बरं नाई. तुही चाची बी बसन." चाची तर जणू वाटच बघत होत्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवऱ्यानं कधी ट्रकमध्ये बसवलं नाही, निदान याच्यात तरी बसू दे, म्हणाल्या. मग आमची बैठक अशी ठरली: स्टेअरिंगवर मी, शेजारी बडीशेप चघळत चाची आणि मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेतलेले चाचा. ब्रेकपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, फक्त आवाज पोचत होता. "क्लच हळू सोड. घाई कायची हाय तुले? गाडीवर गुस्सा कायले करून राह्यली, ते का तुह्या सासरची हाय?"

गाडीची दुसरी किल्ली स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागं असायची. दुपारी हे केंद्रावर अडकलेले. आम्ही फाटक आतून लावून मैदानात गोल गोल फिरायचो. पहिले काही दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि चाची दर उडीला हसायच्या. मला वाटलं, चोरी पकडली जाण्याचा प्रश्नच नाही. गाडी जिथून निघते तिथंच परत येते, आवाराबाहेर चाकही जात नाही. कोण सांगणार?

गाडीनंच सांगितलं. रविवारी हे दार उघडून बसले आणि त्यांचे गुडघे स्टेअरिंगला आदळले. मी बुटकी, सीट पुढं ओढल्याशिवाय माझा पाय पोचत नाही. शिकून झाल्यावर मागं सरकवायची विसरले होते. त्यांनी सीट मागं घेतली, आरशात पाहिलं, तर आरशात रस्त्याऐवजी त्यांना मागची सीट दिसली.  डोसा खातानाही ते वळून वळून गाडीकडे बघत होते. परत आल्यावर म्हणाले, "गाडीत कोणी तरी बसते."

"कोण बसणार? कुलूप असतं ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्या दिवसापासून आमच्या दोघांत एक स्पर्धा सुरू झाली. फक्त त्यातल्या एकालाच दुसरा कोण ते माहीत होतं. मी सीट किती मागं असते ते खालच्या पट्टीवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलं. आरसा हलवायचाच नाही, चाचा मागून सांगतील त्यावर विसंबायचं, असं ठरवलं. पुढच्या रविवारी यांनी पायाखालचा रबरी मॅट उचलून पाहिला. म्हणाले, "मॅटवर मुरूम हाय. मी तं पाय झटकून बसतो." मग मी मॅट झाडायला लागले, तर म्हणाले, "मॅट जरा जास्तच साफ वाटून राह्यला." चाकामागं लावलेल्या विटेची गुळगुळीत बाजू ते वर ठेवायचे, हेही मला असंच कळलं. एकदा त्यांना सीटच्या फटीत बडीशेपेचा दाणा सापडला. तो तळहातावर घेऊन त्यांनी खिडकीच्या उजेडात इतका वेळ पाहिला की मला वाटलं, आता हे तो चिमटीत धरून ओढतात की काय. "आपल्या घरी बडीशेप कोण खाते?" मी म्हटलं, "डोसेवाल्यानं दिली असेल." ते म्हणाले, "त्यानं तं कधीच देल्ली नाई." आणि खरंच, त्या डोसेवाल्यानं आजवर कधी कुणाला बडीशेप दिली नव्हती.

मला मजा वाटत होती, हे कबूल. पण त्यांना मजा वाटत नव्हती. एका संध्याकाळी ते गाडीच्या सीटखाली हात घालून चाचपडताना दिसले. काय शोधताय विचारलं तर बाजूला घेऊन म्हणाले, "ग्रेडरच्या गाडीत कोणी बसते म्हंजे काय, समजते तुले? उद्या कोणी पैशाचं पाकीट ठेवून जाईन, अन् मांगून तपासणीवाले येतीन. कोण ऐकन माहं?"  माझ्या मजेची त्यांना अशी काळजी लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच रात्री सांगून टाकावं असं तोंडाशी आलं. पण तेव्हा मी नुकती कुठं गाडी मागं घ्यायला शिकत होते. आता सांगितलं तर ते किल्ली काढून घेतील आणि सगळं तिथंच थांबेल, याची मला खात्री होती. पक्का परवाना मिळाला की त्याच दिवशी सांगायचं, असं मनाशी ठरवलं. शिकाऊ परवाना तर मी बहिणीकडे जाते सांगून यवतमाळला जाऊन आधीच काढला होता.

संक्रांतीच्या आसपास नेमणुकीचा हुकूम आला. ठरावीक मुदतीत रुजू व्हा, नाही तर नकार लेखी कळवा. यजमानांनी कागद दोनदा वाचला. आवाज मऊ करून म्हणाले, "रविवारी बसून नकार लिहून टाकू. तुले वाईट वाटून राह्यलं, समजते मले. पण जीपमंधी रोज जीव घालायचा का?" त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती, म्हणून भांडताही येईना. मी "बघू" म्हणाले आणि त्या आठवड्यात रोज दुपारी गाडी काढली.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी सापळा लावला. केंद्रावरून ताजा लांब धाग्याचा कापूस आणला, त्याचे तंतू बोटांत सरळ करून हलका पीळ दिला आणि तो केसाएवढा धागा थुंकी लावून गाडीच्या दाराच्या फटीवर आडवा चिकटवला. दार उघडलं की तुटणार. पण मीही आता कच्ची राहिले नव्हते. शनिवारी दुपारी दार उघडण्याआधी मी फट पाहिली, धागा दिसला, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. गाडी चालवून झाल्यावर चाचांच्या ढिगातून चिमूटभर कापूस घेतला, अगदी त्यांच्यासारखा ओढला, पीळ दिला, थुंकी लावली आणि त्याच जागी चिकटवला. चाची म्हणाल्या, "वा. कोणाच्या बापाले समजत नाई."

रविवारी सकाळी यजमान आवारात गेले आणि लगेच परत आले. बोटात तो धागा होता. मी पोळ्या लाटत होते. ते ओट्याजवळ आले, धाग्याचा पीळ सोडला, तंतू चिमटीत ओढले आणि नखाला लावून मला दाखवले.

"म्या लावलेला धागा यंदाच्या कापसाचा होता. लांब. हा पाह्य, तोकडा हाय. दोन-तीन डाव पिंजलेला. हा गादीतला कापूस हाय." ते इतक्या शांतपणे बोलत होते की माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "चाचा बसते आपल्या गाडीत."

गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईचा नवरा असता तर कापूस तो कापूस म्हणून सोडून दिला असता. मी मात्र ग्रेडरला फसवायला कापूसच वापरला होता.

ते तरातरा निघाले. मी पिठाच्या हातानं मागं. चाचा शेडबाहेर बाजेवर चहा पीत बसले होते, चाची उसवलेल्या गादीतून सरक्या वेचत होत्या. यजमानांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "चाचा, माह्या गाडीत तुमी बसता का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "हां साहेब. मीच. दुपारी टिनाखाली लई गरम होते, तं जाऊन पडतो घडीभर. माफी करा."

थंडीचे दिवस होते. चाचांच्या अंगावर स्वेटर होता.

यजमानांनी चाचांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चाचा, सीट स्टेअरिंगले चिकटली होती. तुमचे पाय कुठं ठेवले तुमी?"

 चाचांनी स्वतःच्या लांब पायांकडे असं पाहिलं जसे ते त्यांना आजच दिसले. त्यावर चाचींना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. यजमानांनी चाचींकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारच्या बडीशेपेच्या डबीकडे, आणि मग हळूच वळून माझ्याकडे. डोक्यापासून पायापर्यंत. त्यांची नजर माझ्या बुटक्या उंचीवरून खाली येताना मला दिसली.

"मी," मी म्हटलं. "मी शिकले. चाचांचा काही दोष नाही. मी नकार लिहिणार नाही, मी रुजू होणार आहे. तुम्हाला त्रास झाला त्याचं मला वाईट वाटतं, पण शिकले त्याचं वाटत नाही." हे सगळं एका दमात झालं. 

ते कापसाच्या ढिगावरच बसले.  मग म्हणाले, "मले काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही हसला होता."

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला. "हसलो होतो खरा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कोणी पाकीट तं नाई ठेवलं ना गाडीत?" "बडीशेपेशिवाय काही नाही," चाची म्हणाल्या, आणि मग तेही हसले. त्या हसण्याचा मला राग आला नाही.

"चालवून दाखव," ते म्हणाले.

मी चालवून दाखवली. ते शेजारी बसले, मागं चाचा-चाची. शेडपुढच्या गाद्यांच्या ढिगांभोवती आठाचा आकडा काढला, गाडी मागं घेतली, भिंतीपासून हातभर अंतरावर थांबवली. यजमानांचा उजवा पाय सबंध वेळ रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. उतरल्यावर त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही तरी दोष काढायचा होता, ती त्यांची सवयच. शेवटी म्हणाले, "हॉर्न नाई वाजवला एकदाबी." चाचांना ते पटलं. म्हणाले, "ते चूक माही. आवारात कोणासाठी वाजवन?"

पक्क्या परवान्याच्या चाचणीला ते रजा काढून आले. मी गाडी चालवत असताना बाहेर फाटकाशी उभे राहून नखं खात होते, असं तिथल्या चहावाल्यानं मला नंतर सांगितलं. मुदत संपायच्या आधी मी रुजू झाले. पहिल्या दिवशी सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. तुम्ही शेजारी बसलात की तुमच्या पायाकडेच लक्ष जातं माझं, असं सांगितलं. ते त्यांना थोडं लागलं, पण फाटक त्यांनीच उघडून धरलं.

गल्लीचं तोंड, बसस्टँड, मग खरेदी केंद्र. बैलगाड्यांची रांग तशीच होती. रांगेतली माणसं रात्रभर जागलेली, तरी त्यातल्या एकानं दुसऱ्याला ढोसून दाखवलं, "ग्रेडरची बाई गाडी चालवून राह्यली रे." कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं बैलाचा कासरा ओढून मला वाट करून दिली. पुढं डांबर संपलं, धूळ सुरू झाली, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची काळी शेतं. मी दुसऱ्या गिअरमध्येच चालले होते. भीती वाटत होती आणि गाणं म्हणावंसंही वाटत होतं, म्हणून म्हटलं.

शेवटचा तांडा टेकाडामागं. तिथली सेविका बंजारा समाजातली तरणी मुलगी, ती पळतच आली. मागची मुख्यसेविका इथवर कधी पोचलीच नव्हती, म्हणाली. तोवर बायका जमल्या. त्यातली एक म्हातारी, जिला सगळ्या याडी म्हणजे आई म्हणत होत्या, गाडीभोवती फिरली, मागच्या काचेतून वाकून पाहिलं आणि विचारलं, "डायवर कुठं गेला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच चालवते."

तिला पटलं नाही. ती पुन्हा एकदा फिरली. सेविकेनं त्यांच्या बोलीत समजावलं. म्हातारीनं मला नीट पाहिलं, मग वळून घराकडे गेली. मला वाटलं, नाराज झाली. मी मुलांची वजनं घ्यायला बसले. वजनं संपता संपता ती परत आली, सुनेला हाताला धरून. सून सातव्या-आठव्या महिन्याची, पायांना सूज. सेविका हळूच म्हणाली, "दवाखान्यात दाखवा म्हनून मी कवाची सांगून राह्यली. पन जीप बाजाराच्याच दिवशी येते, अन् दाटीमंधी इले बसवायचं कसं?"

म्हातारीनं मला विचारलं नाही. तिनं पुढचं दार उघडलं, सुनेला सीटवर बसवलं, साडीचा काठ आत घेतला आणि दार लावलं. मग मागं स्वतः बसली. मी किल्ली लावली तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर आला.

"हळू ने, बाई."

मला त्याहून जोरात चालवताच येत नव्हती.